वकीलमॅडम, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला लावलंत त्याबद्दल

आदरणीय वकीलमॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठं छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. या अफगाण पोराला देशाबाहेर धाडू नये म्हणून कोल्हापुरात कितीतरी जणांनी सह्या दिल्या, अंबाबाईला नवस बोलले, रस्त्यात थांबवून विचारपूस केली. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळू दे. पोराचंही नाव देत नाही. त्याची आई आणि दोन बहिणी अजून अफगाणिस्तानातच आहेत, आणि इथं लिहिलेलं तिथं कोण वाचेल याचा नेम नाही.

२०१९ साली तो शिष्यवृत्तीवर बी.कॉम. करायला आला आणि राजारामपुरीत आमच्या वरच्या खोलीत राहू लागला. सुरुवातीला दार लावून बसायचा. सासूबाईंनी एकदा भाकरी-पिठलं वर पाठवलं आणि तेव्हापासून तो जेवायला खालीच. करोनात सगळं बंद असताना सासऱ्यांची औषधं त्यानं आणली. त्यांची नजर गेल्यावर त्यांना पेपर वाचून दाखवता यावा म्हणून मराठी वाचायला शिकला. १५ ऑगस्ट २०२१ ला सकाळी गल्लीत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि त्याच दिवशी काबूल तालिबानच्या हातात गेलं.

त्याचे वडील आधीच्या सरकारच्या काळात तिथल्या कोर्टात कारकून होते. त्या हिवाळ्यात त्यांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. घर हजारा समाजाचं, म्हणजे तिथल्या बहुतेक शिया मुसलमान असलेल्या अल्पसंख्याक जमातीचं. या समाजावर तिथं आधीपासूनच हल्ले होत आलेत. ३० सप्टेंबर २०२२ ला काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागात शिकवणीच्या वर्गात स्फोट झाला, त्यात गेल्या त्या बहुतेक हजारा मुली. त्याच वर्षी डिसेंबरात मुलींना विद्यापीठं बंद झाली आणि त्याच्या मोठ्या बहिणीचं शिक्षण तिथंच थांबलं.

इकडं त्याचं एम.कॉम. झालं आणि व्हिसाबरोबर पासपोर्टचीही मुदत संपली. जुन्या सरकारची दिल्लीतली वकिलात १ ऑक्टोबर २०२३ पासून बंद पडलेली. नवा पासपोर्ट मागायचा म्हणजे ज्यांची भीती त्यांच्याच हातात स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि घरचा पत्ता द्यायचा. पासपोर्ट नाही म्हणून मुदतवाढ नाही, आणि मुदतवाढ नाही म्हणून देश सोडून जायची नोटीस.

आम्हाला जे सुचलं ते आम्ही केलं. तालमीचं पत्र घेतलं, माजी नगरसेवकांची शिफारस घेतली, कॉलेजमधून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणला, महाद्वार रोडला आणि रंकाळ्यावर उभं राहून सह्या गोळा केल्या. तो सगळा गठ्ठा घेऊन तुमच्याकडं आलो. तुम्ही शांतपणे शेवटच्या पानापर्यंत चाळलंत आणि विचारलंत, “परत गेल्यावर याचं काय होईल, ते यात कुठं लिहिलंय?”

कुठंच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक कागद एकच सांगत होता, की पोरगा गुणी आहे. तुम्ही म्हणालात, गुणी आहे म्हणून त्याला राहू द्या असं मागायचं नाही. उद्या एखादा उनाड पोरगा आला आणि त्याच्या जिवाला असाच धोका असला, तर त्याचाही हक्क एवढाच. दया मागू नका, सुनावणी मागा. मला त्या वेळी ते जरा लागलं, कारण आम्ही प्रेमापोटीच ते सगळं गोळा केलेलं. पण त्या एका प्रश्नानं आमच्या मोहिमेची दिशा बदलली, आणि या पत्रात आभार मानायचेत ते आधी त्याबद्दल.

तुम्ही आम्हाला खोटी आशा कधीच लावली नाही. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडं वेगळा कायदाही नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगितलंत. नागरिकत्वाच्या २०१९ च्या दुरुस्तीत मुसलमान बसत नाहीत, त्यामुळं तो रस्ता याच्यासाठी नाही, हेही आडपडदा न ठेवता सांगितलंत. रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये परत पाठवणं थांबवायला नकार दिला होता, तेही लपवलं नाहीत. पण त्याच आदेशात ठरलेली रीत पाळल्याशिवाय कुणाला पाठवायचं नाही असंही आहे, यावर बोट ठेवलंत. जगण्याच्या हक्काचं घटनेचं २१ वं कलम परक्या देशाच्या माणसालाही लागू आहे, हे १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं दोन इराकी तरुणांच्या बाबतीत जिवाला धोका असेल तिथं परत न धाडण्याचं तत्त्व याच कलमाखाली धरलं. आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची २९ डिसेंबर २०११ ची एक कार्यपद्धती आहे. मी निर्वासित आहे असं म्हणणाऱ्या परदेशी माणसाचं म्हणणं तपासायचं, वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी दिल्लीला शिफारस करायची, अशी ती रीत. तुमचा अर्ज तिच्याच आधारावर उभा राहिला.

त्या अर्जासाठी तुम्ही घेतलेले कष्ट मी डोळ्यांनी पाहिलेत. त्याच्या तज़किऱ्यावर, म्हणजे तिकडच्या ओळखपत्रावर, ‘१३९१ साली वय १०’ एवढंच लिहिलेलं. पासपोर्टवर जन्मतारीख १ जानेवारी २००२. जन्माची नेमकी तारीख नसली की १ जानेवारी टाकून मोकळं व्हायचं, असं तिकडच्या पुष्कळ पासपोर्टांवर दिसतं. पण त्यांचं वर्ष मार्चमध्ये, नवरोजला सुरू होतं, त्यामुळं एका कागदानं तो १३८१ चा ठरतो आणि दुसऱ्यानं १३८० चा. वडिलांना नेल्याचा दिवस त्यानं जुन्या अर्जात डिसेंबर २०२१ असा लिहिलेला, आणि आईच्या निरोपात होती तिकडच्या कॅलेंडरातल्या जदी महिन्याची १२ तारीख. तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडलीत आणि पेन्सिलनं एकेक दिवस मोजत आलात. २ जानेवारी २०२२ निघाली. सासूबाई म्हणाल्या, आपल्या लग्नपत्रिकेत शके असतं तसंच की हे. तुम्ही हसून म्हणालात, आजी, एवढ्याशा फरकावरून पोराला खोटं ठरवतात. आणि फरक का पडला याचं वेगळं पान प्रतिज्ञापत्राला जोडलंत.

आणि एक. वडिलांना नेलं त्या रात्रीचं त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. घरच्यांनी फोनवर सांगितलेलं तो एकटाच मनात घेऊन बसलेला. तुम्ही मला बाहेर बसायला सांगितलंत, म्हणालात, तुमच्यासमोर तो बोलणार नाही, तुम्हाला त्रास होईल म्हणून आवरतो. मी जिन्यात बसले. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग त्याचा आवाज, मग बराच वेळ नुसतं टायपिंग. इतकी वर्षं त्याला जेवायला वाढते मी, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सभेबद्दलही लिहायला हवं. वळिवड्याचा दाखला अर्जातच घालू, असा आमच्या ह्यांचा आग्रह होता. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, आणि ती मुलं म्हातारपणीही ही जागा बघायला आली. तुम्ही म्हणालात, अर्जात कायदा राहू दे, वळिवडं लोकांपुढं बोला. आम्ही बोललो, आणि शाहू महाराजांनी जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली त्याबद्दलही बोललो. दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगवरून आपण रोज जातो-येतो. त्या सभेत गल्लीतल्या एका काकांनी उभं राहून विचारलं, देश म्हणजे धर्मशाळा नाही असं सर्वोच्च न्यायालयच २०२५ च्या मे महिन्यात म्हणालंय ना? तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलात, तो खटला काय होता ते सांगितलंत आणि आपलं मागणं कुठं वेगळं आहे ते समजावलंत. काकांनी सही केली नाही. पण त्यांनी गल्लीत पोराविरुद्ध एक शब्द काढलेला मी ऐकला नाही.

याचिकाही तयार ठेवली होतीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या इमारतीत सुरू झालंय. त्यासाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चाळीस वर्षं झगडा दिला, त्यात तुम्हीही उन्हातान्हात बसलात. एरवी आमच्यासारख्यांना मुंबई गाठायची म्हणजे प्रवास, मुक्काम, वकिलाचा खर्च. गरज लागली तर इथंच उभं राहता येईल, या एका गोष्टीनं आमच्या घरात झोप यायला लागली.

दाखल करायची वेळ आली नाही. सुनावणी मिळाली. तुम्ही मोजकंच बोललात आणि त्याला बोलू दिलंत. तो मराठीतच बोलला. अर्जाचा निर्णय होईपर्यंत नोटिशीवर कारवाई होणार नाही असं लेखी मिळालं, आणि फाइल दिल्लीला गेली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयातही त्याची नोंद झालीय. त्या कागदानं व्हिसा मिळत नाही, हे तुम्ही पेढे वाटायच्या आधीच सांगितलंत. तरी पेढे वाटले, मॅडम. तेवढं चालवून घ्या.

लढाई संपलेली नाही हे आम्ही जाणतो. अजून त्याला नोकरी करता येत नाही, गावाबाहेर जायचं तर आधी कळवावं लागतं, आणि दिल्लीहून काय उत्तर येईल ते कुणाच्या हातात नाही. ज्यांनी सह्या दिल्या त्यांनी अजून थोडे दिवस पाठीशी राहावं, ही विनंती.

तुमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट ताई घरी लहान लेकरू असताना रात्री उशिरापर्यंत थांबल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा. पुण्याच्या ज्या विद्यार्थ्यानं दरी भाषेतले कागद पैसे न घेता मराठीत आणि इंग्रजीत करून दिले, त्यालाही.

तुम्ही मागितलेल्या तज़किऱ्याच्या प्रती आणि आईच्या निरोपाचं भाषांतर सोमवारी घेऊन येतो. फीचं पाकीटही आणतेय. मागच्या वेळी परत पाठवलंत, या वेळी सासूबाई स्वतः येणार आहेत, त्यांना नाही म्हणून बघा.

आपली,
राजारामपुरीतली त्याची इथली आई