मंदार, अजून सही करू नकोस

स्टॉकहोम,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंदार,

नोकरीवरून काढल्याची नोटीस मिळाली, असं सांगणारा तुझा फोन काल रात्री ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. सांगलीच्या हॉस्टेलपासून तुझा आवाज ओळखतो मी. परीक्षेत विषय राहिला तेव्हाही तो असा बसला नव्हता. वहिनींनी मधेच फोन घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, मनूची शाळा सुटणार का हो?" त्या वेळी मी काहीतरी गोलगोल बोललो. घाबरलेल्या माणसाला फोनवर सांगितलेलं निम्मं ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय. सावकाश वाच, दोघांनी मिळून वाच.

आधी वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर. तू म्हणालास, तीन महिन्यांत स्वीडन सोडावं लागणार, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. हा हिशोब चुकलाय. कामाच्या परवान्यावर असलेल्याची नोकरी गेली की नवी शोधायला तीन महिने मिळतात हे खरं, पण ते नोकरी संपते त्या दिवसापासून मोजतात, नोटीस हातात पडते त्या दिवसापासून नाही. तू ऑगस्ट २०२२ मध्ये रुजू झालास, म्हणजे तीन वर्षं पुरी झाली. दोन ते चार वर्षं नोकरी झालेल्याला कायद्याने दोन महिन्यांचा नोटीस काळ आहे. ६ नोव्हेंबरला नोटीस मिळाली, तर तुझी नोकरी ६ जानेवारीपर्यंत चालू आहे. "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाले म्हणून ती संपलेली नाही. तीन महिने तिथून पुढे धरले की एप्रिलचा पहिला आठवडा येतो. हातात पाच महिने आहेत, मंदार.

आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. परवाना पहिली दोन वर्षं त्या एकाच कंपनीला बांधलेला असतो. तुझं गेल्या वर्षी नूतनीकरण झालं, तेव्हापासून तो फक्त व्यवसायाला बांधलेला आहे. त्याच व्यवसायातली नोकरी दुसरीकडे मिळाली तर ऑगस्ट २०२६ पर्यंत नवा अर्ज न करता रुजू होता येईल. कार्डावर काय लिहिलंय ते एकदा डोळ्यांनी बघून घे. पगार मात्र फार उतरवून घेऊ नकोस, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये परवान्यासाठी देशातल्या मध्यम पगाराच्या ८० टक्के पगाराची अट आली, आणि पुढच्या नूतनीकरणालाही पगार बघतील.

आता त्या दुसऱ्या कागदाबद्दल. मुख्यतः त्याच्यासाठीच हे पत्र लिहितोय.

गुरुवारी तुला दोन कागद दिले. एक नोटीस. दुसरा 'करार', ज्यावर बुधवारपर्यंत सही केलीस तर एक महिन्याचा जादा पगार देऊ म्हणालेत. नोटीस मिळाल्याची पोच म्हणून सही केली असशील तर काही बिघडत नाही. पण कराराखालची सही म्हणजे तुला सगळं मान्य आहे आणि पुढे काही मागणार नाहीस, असं लिहून देणं. ती करू नकोस. निदान मी येईपर्यंत तरी करू नकोस.

माझं तुला कधी नीट सांगितलं नाही. जानेवारी २०२३. इथल्या शिस्ता भागातल्या माझ्या ऑफिसमधली ती काचेची खोली, बाहेर तीन वाजताच अंधार पडलेला. समोर दोघं बसलेली, टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास आणि टोपण काढून ठेवलेलं पेन. त्यांनी ते पेन आधीच उघडून ठेवलं होतं, हे मला आजही आठवतं. आवाज इतका सौम्य होता की प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटला. चार महिन्यांचा पगार देतो, आज सही करा, म्हणाले. हिंजवडीत असताना मी शेजारच्या टेबलावरच्या माणसांना बोलावून नेऊन राजीनामे लिहून घेताना पाहिलं होतं. तिथे तर हातात काहीच पडत नव्हतं. त्यामुळे चार महिने म्हणजे माणसं फार चांगली आहेत असं वाटलं आणि मी सही केली.

माझी तिथे आठ वर्षं आणि दोन महिने झाले होते. आठ ते दहा वर्षं झालेल्याला पाच महिन्यांचा नोटीस काळ आहे. म्हणजे माझ्याच हक्कातला एक महिना कापून त्यांनी मला चार दिले, आणि मी वर आभार मानले. ते पैसेही गेले तर गेले. पण माझ्याच टीममध्ये दोन-तीन वर्षांपूर्वी आलेली मुलं राहिली होती. इथला नियम 'शेवटी आला तो आधी जाईल' असा आहे. नोटिशीच्या रस्त्याने गेले असते तर माझा नंबर बहुधा लागलाच नसता. माझं स्पष्ट मत झालंय की करार पुढे केला जातो तो पुष्कळदा याच कारणाने, कायद्याच्या क्रमाने गेलं तर वेगळाच माणूस बाहेर पडतो म्हणून. पाच महिन्यांनी माझ्याच कामाची जाहिरात आली, आणि मला पुन्हा घ्या म्हणायचा हक्क मी त्या उघड्या पेनाने सोडून दिलेला होता.

तेव्हा कुणाला सांगायची लाज वाटली. तुला तेव्हाच सांगितलं असतं तर आज तू सावध असतास.

इथला नोकरी-संरक्षणाचा कायदा १९७४ चा, आत्ताचं त्याचं रूप १९८२ चं. सगळे त्याला 'लास' म्हणतात. तो आपल्याला वाटतो तितका कडकही नाही. तुझ्या नोटिशीवर 'आरबेट्सब्रिस्ट' लिहिलं असेल, म्हणजे कामाचा तुटवडा. पण त्यात कंपनीने आपल्या धंद्यासाठी घेतलेला जवळपास कुठलाही निर्णय बसतो, आणि तो धंद्याच्या दृष्टीने बरोबर की चूक यात न्यायालय सहसा शिरत नाही. त्यामुळे "माझं काम चांगलं होतं, मग मलाच का?" हे मनातून काढून टाक. तो शब्द तुझ्या कामाबद्दल काहीच म्हणत नाही. पण कंपनीचं कारण मान्य झालं तरी तिने पाळायच्या गोष्टी उरतातच, आणि तुला हात घालायचाय तो तिथे.

पहिली म्हणजे, नोटीस देण्याआधी कंपनीत दुसरी कुठली रिकामी जागा तुला जमण्यासारखी आहे का हे त्यांनी बघायला हवं होतं, असली तर देऊ करायला हवी होती. ते केलं का, हे ईमेलवर विचार. तोंडी विचारू नकोस. दुसरं, तू म्हणालास की २०२४ मध्ये आलेला मुलगा राहिला. ऑक्टोबर २०२२ पासून कंपनीला, छोटी असो की मोठी, तीन माणसं त्या क्रमातून बाजूला काढून ठेवता येतात. तो त्या तिघांतला असेल. किंवा उरलेल्या कामाला लागणारी पात्रता त्याच्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं असेल. ते म्हणणं काय आहे, हेही लेखी माग. क्रम चुकला असं निघालं तरी त्याने नोकरी परत मिळत नाही, नुकसानभरपाई मिळते, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. त्यासाठी कंपनीला कळवायची मुदत चार महिने आहे. पण नोटीसच रद्द करा असं म्हणायचं असेल तर मुदत फक्त दोन आठवड्यांची, म्हणजे २० नोव्हेंबर. हे कसं करायचं ते नोटिशीतच लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नसेल तर ती मुदत नोकरी संपल्यावर एक महिन्यापर्यंत लांबते. म्हणून म्हणतो, पाकीट टेबलावर पडू देऊ नकोस, आतला शब्द न् शब्द वाच.

नोटीस काळात पूर्ण पगार आणि बाकीच्या सवलती चालू राहतात, त्यांनी काम दिलं नाही तरी. मुलाखतीला किंवा रोजगार कार्यालयात जायला वाजवी वेळ पगारासकट सुट्टी मागता येते. त्यांनी कामातून मोकळं केलेल्या काळात दुसरीकडे पगार सुरू झाला, तर तेवढा ते तुझ्या पगारातून वळता करू शकतात. तेव्हा जानेवारीआधी नवी नोकरी ठरली तर सुरुवातीची तारीख घालण्यापूर्वी विचार कर. आणि साठलेल्या रजा 'आता घरीच आहात तर संपवून टाका' म्हणतील. तुझ्या संमतीशिवाय नोटीस काळात रजा घालता येत नाही. त्या रजांचे पैसे हिशोबात मिळतात. मी तेरा दिवस असेच घालवले.

यावरून आठवलं, आमच्या इमारतीतल्या एका मैत्रिणीला बाळंतपणाच्या रजेवर असताना अशीच कामाच्या तुटवड्याची नोटीस आली. बिचारी रडत होती. मग कळलं की तिचा नोटीस काळ सुरूच होणार नाही, ती रजा संपवून कामावर परतेपर्यंत. रात्रभर रडून काढली तिने, एक ओळ ठाऊक नव्हती म्हणून.

'पुन्हा घ्या' हा जो हक्क मी घालवला, तो तुला आहे. गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त नोकरी झालेल्याला तो मिळतो, आणि नोकरी संपल्यापासून नऊ महिने टिकतो. तुझ्या बाबतीत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तुला जमणारी जागा निघाली तर त्यांनी बाहेरचा माणूस घेण्याआधी तुला विचारायला हवं. मात्र हा हक्क मला हवाय असं तू त्यांना कळवलेलं पाहिजे. दोन ओळींचा ईमेल पुरतो. मसुदा मी करून आणतो.

आता युनियन. तुला रागवायला हे लिहीत नाही, मीही तेव्हा नव्हतो. आपल्याकडे युनियन म्हटलं की गिरणी आणि लाल झेंडा डोळ्यांपुढे येतो, संगणकावर बसणाऱ्यांचं तिथे काय काम असं वाटतं. इथे कायद्याने ठरवलेलं किमान वेतनसुद्धा नाही. ते युनियन आणि मालक आपसात करार करून ठरवतात, आणि दहातले जवळजवळ नऊ कामगार अशा करारांखाली येतात. इंजिनियर, हिशोबनीस, डॉक्टर, सगळ्यांच्या युनियन आहेत. माणसं कमी करण्याआधी कंपनीला युनियनशी बोलणी करावी लागतात. सभासद असतास तर त्या खोलीत तुझ्या बाजूने एक खुर्ची भरलेली असती. आता सभासद झालास तर या प्रकरणात ते बहुधा पडणार नाहीत, तरी पुढच्या नोकरीसाठी आजच हो. कंपनीत सामूहिक करार आहे का तेवढं मात्र विचार. असेल तर टी-आर-आर नावाची संस्था नवी नोकरी शोधायला माणूस देते, फुकट. करार नसला तरी सरकारकडून काही मदत आहे, ती आपण बघू.

आ-कासाचं, म्हणजे बेकारी भत्ता देणाऱ्या निधीचं, सभासदत्व मी २०२३ मध्ये तुझ्याकडून भरून घेतलं होतं, आठवतं? हप्ता चालू ठेव. वर्षभराचं सभासदत्व झालेल्याला आधीच्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो, अर्थात वर मर्यादा आहे, आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने उतरतो. ७ जानेवारीला, म्हणजे बेकारीच्या पहिल्याच दिवशी, रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं. एक दिवस उशीर म्हणजे एक दिवसाचा भत्ता गेला. कंपनीकडून नोकरीचा दाखला आत्तापासून मागून ठेव. आणि राजीनामा काही झालं तरी देऊ नकोस. रेकॉर्ड चांगलं दिसेल असं कुणी गोड बोलून सुचवलं तरी नाही. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता काही आठवडे अडकतो. नोकरी गेल्याबद्दलची वेगळी भरपाई इथल्या कायद्यात मुळात नाहीच. आपल्याकडे कायद्याने कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आहे, इथे तेवढंही नाही. जे आहे ते नोटीस काळातच आहे, म्हणून त्यातला दिवस न् दिवस घ्यायचा.

वहिनींना सांग, मनूची शाळा चालू राहील, तिला अजून काही सांगू नका. आईंना सांगलीला फोन करायचा की नाही हे तुम्ही दोघं ठरवा. मला विचारशील तर सांग. मी लपवलं होतं, आणि आईला दुसऱ्याकडून कळल्याचं तिला फार लागलं.

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघतोय, तीन-सव्वातीन तासांत गोथेनबर्गला पोचेन. बुधवारची सुट्टी टाकली आहे. कंपनीला आजच एक ओळ लिही, करार वाचायला मला वेळ हवाय. याहून जास्त काही लिहू नकोस. आणि नोटिशीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठव. वरच्या कोपऱ्यातली तारीख दिसेल असे काढ.

तुझाच,
शिरीष