लेथ बंद करणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

हे पत्र बहुतेक तुमच्याकडचा हेल्पर पोरगा तुम्हाला फोनवरून वाचून दाखवील. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. वाळूज एमआयडीसीतली दोन लेथची पत्र्याची शेड म्हटलं की ओळखणारे ओळखतील.

परवा आपल्या कापूस वेचणाऱ्या रोबोट-हातानं पन्नासपैकी त्रेचाळीस बोंडांतला कापूस काढला, टरफल न मोडता. तुमच्याकडं पहिल्यांदा आणला तेव्हा चाळीसपैकी सहा होते. आकडा बघितला आणि लॅबमध्ये कुणाला सांगण्याआधी तुमचीच आठवण आली.

दोन वर्षं मी काय सोसलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मेकॅनिकलवाले म्हणायचे, प्रोग्राममध्ये चूक आहे. कॉम्प्युटरवाले म्हणायचे, मशीनमध्ये. दोन्ही इमारतींच्या मध्ये एक कॅन्टीन आहे, तिथं मी हा रोबोट-हात पिशवीत घालून बसायचे. एका साहेबांनी पिशवी न उघडताच सल्ला दिला, डेटा वाढवा. दुसऱ्यांनी लाखाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितलं. तिसऱ्यांनी तर, कापूस कशाला, टोमॅटो घ्या, त्यावर पेपर लवकर निघतो, अशी सोय सांगितली. माझी आई जिंतूर तालुक्यात कापूस वेचते. टोमॅटोचं मी काय करू?

अमेरिकेत कापूस यंत्रानं निघतो हे खरं. पण तिथं आधी औषध मारून पानं गाळतात आणि मग फिरत्या काटेरी चात्यांनी अख्खं शेत एकदम ओढून घेतात. आपल्याकडं एकाच पऱ्हाटीवर फुटलेलं बोंड असतं आणि त्याच्या शेजारी हिरवंही असतं. तीन-चार वेचण्या होतात. म्हणून बोंड बघून, एकेक काढणारा हात हवा.

त्या दिवशी मी फक्त एक पिन टर्न करून घ्यायला आले होते. तुम्ही पिन बघितली, मग पिशवीकडं बघितलं. म्हणालात, "चालू करून दाखव." चालू केला. इकडं लेथची घरघर, शेजारी ग्राइंडर. तुम्ही कान पुढं केला, मान हलवली आणि लेथ बंद केला. चकमध्ये जॉब अर्धा कापलेला, तसाच. मग मधल्या पत्र्यावर थाप मारून ओरडलात, "ते ग्राइंडर थांबव रे दोन मिनिटं, लेकरू काही दाखवायलंय!"

शेड गप्प झाली. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मनगटाच्या गिअरवर टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "टक. टक. मोटर फिरायलीय, बोट फिरंना. प्ले आहे यात, दातांत फट." मग मूठ माझ्या कानाला लावलीत.

ऐकलं मी. दोन वर्षं स्क्रीनवर रेघा बघत होते, त्यांत हा टक कुठंच नव्हता. असणार कसा? सेन्सर मोटरच्या मागं बसवलेला. मोटर किती फिरली ते प्रोग्रामला कळायचं, बोट कुठं पोचलं ते नाही. आणि प्रोग्राम शिकला सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नकली हातावर, जिथं मी गिअरच्या दातांत केसाएवढीही फट ठेवली नव्हती. तिथं दहापैकी नऊ बोंडं आरामात. खऱ्या बोंडापाशी मात्र सुरुवातीचे तीन-चार अंश नुसती फट भरण्यातच जायचे, बोट कापसाच्या कडेनं निसटायचं आणि प्रोग्राम समजायचा, धरलं. अशा प्रोग्रामला आणखी डेटा घालून काय झालं असतं? चुकीच्याच हाताचा आणखी पक्का अभ्यास.

तुम्ही गिअर एका बाजूला ओढून धरणारी स्प्रिंग लावलीत आणि बोटांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. "बोंड सारखं नसतं, बोट जरा दबलं पाहिजे," म्हणालात. तुम्हाला मजा वाटेल म्हणून सांगते. २०१० मध्ये अमेरिकेत कॉर्नेल आणि शिकागो विद्यापीठांतल्या लोकांनी बोटं नसलेला हात केला होता. रबरी फुग्यात कॉफीची पूड. फुगा वस्तूवर दाबायचा, हवा ओढून घ्यायची, पूड आवळते आणि वस्तू धरली जाते. त्याहून आधी, १९९० मध्ये, टॅड मॅकगीर या इंजिनिअरनी उतारावर चालणारे पाय दाखवले. मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, नुसत्या पायांच्या घडणीवर आणि उतारावर चाल. हे सगळं मी वाचलेलं होतं, मामा. परीक्षेत लिहिलंही होतं.

आता मी सिम्युलेशनमध्ये मुद्दाम फट ठेवते, दर वेळी कमी-जास्त, म्हणजे प्रोग्रामला ढिल्या गिअरचीही सवय होते. शिवाय बोटाची लांबी आणि स्प्रिंगचा ताणही त्यालाच बदलू देते. शरीर आणि डोकं एकत्र घडवायचं. कार्ल सिम्स या संशोधकांनी १९९४ मध्ये कॉम्प्युटरमधल्या प्राण्यांवर हेच केलं होतं. फक्त त्यांच्या प्राण्यांना शेतात उतरायचं नव्हतं.

तुमचं सगळंच बरोबर निघालं असंही नाही हं. बोटं लोखंडाची कर म्हणालात, केली, तर मोटर तापून बसली. पुन्हा प्लॅस्टिकवर आले.

पण मला राहून राहून आठवतो तो बंद केलेला लेथ. तुमचा जॉब तासावर चालतो, हे मला ठाऊक आहे. ग्राइंडरवाल्या दादांनीही का म्हणून विचारलं नाही, थांबवलं. मी कोण, कुठल्या कॉलेजची, गाइड कोण, यातलं काहीच तुम्ही विचारलं नाहीत. मशीन बोलायलंय तर ऐकावं, एवढंच. मोठ्या टेबलांपुढं एवढं मागून मिळालं नव्हतं, आणि इथं न मागता मिळालं. वहीत तुम्ही पिनचे साठ रुपये लिहिलेत. लेथ थांबला त्याची ओळ नाही. समोरून मी वही उलटी वाचली, म्हणून कळलं.

दिवाळीनंतर हात शेतात उतरवायचा आहे. तुम्ही यायलाच पाहिजे. आई म्हणाली, मामांना सांग, दव सुकल्यावर या. ओला कापूस मी माणसाला वेचू देत नाही, तुझ्या मशीनला कशाला देऊ. आणि तुमचा तो लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर माझ्याच पिशवीत राहिलाय. तो येताना आणते, पण आधी शेतात एकदा लागेल.

तुमची,
पिनवाली