मावशींचा हात पोचतो का, हे विचारणाऱ्या काकांना

प्लंबरकाका,

आधी एक कबुली देऊन टाकते. पहिल्याच दिवशी तुम्हाला परत पाठवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर उकरायचं होतं. टाइल्सचे नमुने, शॉवरची चित्रं, नळांची पुस्तिका असं सगळं टेबलावर मांडून मी वाट बघत होते. तुम्ही आलात आणि त्या टेबलाकडे न बघता सरळ ओट्यापाशी गेलात. "पाणी तापवायची किटली आहे का?" मनात म्हटलं, झालं, हेही त्यातलेच. तुम्ही किटली खिडकीच्या उजेडात नेलीत, आत बोट फिरवलंत, नखाने एक खपली सोडवलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. "शॉवर नंतर बघू ताई. आधी हे बघा. तुमच्या भिंतीत हेच बसलंय."

अंड्याच्या कवचासारखी पातळ, खरखरीत खपली. भाच्याने नंतर सांगितलं की पदार्थही तोच, कॅल्शियम कार्बोनेट. ती मी अजून फेकलेली नाही.

तुमच्या आधी जे आले त्यांच्याबद्दल न लिहिता पुढे गेले तर मला झोप लागणार नाही. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आमचं बाथरूम केलं त्यांनी कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवायचा भिंतीआडचा व्हॉल्व्ह, टाइलच्या आत असा गाडला की उघडायला जागाच नाही. दीड वर्षात शॉवरची निम्मी भोकं बुजली, उरलेल्यांतून पाणी वाट्टेल त्या दिशेला उडायचं. डोकं कोरडं आणि आरसा भिजलेला. डायव्हर्टर तर असा अडकला की गरम पाणी बंद करायला दोन माणसं लागायची. फोन केला तर उत्तर ठरलेलं: "बोअरचं पाणी आहे मॅडम, असंच होणार." अहो, बोअरचं पाणी काम करायच्या आधीही बोअरचंच होतं ना? दुसऱ्या एकाने नळ साफ करतो म्हणून ॲसिड ओतलं. चुना गेला, त्याच्याबरोबर नळाची चकाकी गेली आणि खालच्या संगमरवराला कायमचा पांढुरका डाग पडला. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, त्याला ॲसिड लागलं की तो विरघळणारच, हे त्या माणसाला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

तिसरे सूटबूटवाले. त्यांनी पेनाएवढा मीटर ग्लासात बुडवला, आकडा बघून डोळे विस्फारले आणि घरातल्या प्रत्येक नळाला यंत्र लावायला निघाले. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देतो, त्यातला चुना किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, म्हणून पाणी मऊ झालं तरी त्या मीटरचा आकडा जवळपास तिथेच राहतो. एवढी एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर माझे कितीतरी रविवार वाचले असते.

तुम्ही पाणी प्रयोगशाळेत पाठवायला लावलंत. एकूण कठीणपणा लिटरला 480 मिलिग्रॅम आला. 180 च्या वर गेलं की फार कठीण म्हणतात, आमचं त्याच्या अडीचपटीहून जास्त. मी तो कागद हातात धरून बसले होते, मला त्यातलं काही कळेना. तुम्ही त्याच कागदाच्या मागे पेन्सिलने हिशेब मांडलात: चार माणसं, दिवसाला साधारण 500 लिटर, म्हणजे रोज 240 ग्रॅम. "जवळजवळ पाव किलो चुना रोज तुमच्या घरातून जातो. बहुतेक मोरीतून निघून जातो. जो थांबतो, त्याच्याशी आपलं भांडण." इतकी वर्षं या पाण्याने अंघोळ करतेय, पण पाण्याचं असं वजन कोणी करून दाखवलं नव्हतं.

गीझर उघडलात तेव्हा मला बोलावलंत. आतल्या कॉइलने जाड पांढरं स्वेटर घातलं होतं. मी तो 75 वर ठेवायचे, कारण लवकर तापावं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना नेमका उलटा, पाणी जितकं तापवाल तितका तो बाहेर पडून बसतो, हे तुम्ही सांगितल्यावर काटा 60 वर आला. ऐकायला किती साधं. आणि ते पूर्वीचे लोक मला दर दोन वर्षांनी नवी कॉइल विकत होते.

लाइनींचं नियोजन इथे लिहीत बसत नाही, तो नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहेच. एवढंच म्हणते की सगळं घर मऊ पाण्यावर न्यायला तुम्हीच नकार दिलात. प्यायचा नळ आणि बागेचा नळ साध्या पाण्यावर, कारण झाडांना सोडियम नको आणि आईला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. गीझर, शॉवर आणि वॉशिंग मशीन मऊ पाण्यावर. यंत्र त्यामुळे लहान पुरलं. मोठं यंत्र विकायची संधी समोर असताना लहान पुरेल म्हणणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, हे मी आता लोकांना सांगत सुटले आहे. आपल्याकडे प्रामाणिक माणसाला भोळा म्हणायची पद्धत आहे. तुम्ही भोळे अजिबात नाही, भाव करताना मला ते चांगलंच कळलं. पण जे काम उद्या भिंतीआड जाणार, जे कोणी बघणार नाही, ते तुम्ही कोणी बघत असल्यासारखं केलंत. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून मला फोटो काढायला लावलेत. पाइपात दाब भरून रात्रभर ठेवलात आणि सकाळी माझ्याआधी येऊन काटा बघितलात. डायव्हर्टरच्या मागे, कपाटाच्या बाजूने, उघडता येईल अशी खिडकी ठेवलीत. "आज ना उद्या हे उघडावं लागणारच. आपण टाइल फोडायची वेळ कशाला आणायची?"

फ्लशच्या टाकीवरून मात्र आपलं वाजलं. तुम्ही म्हणालात मऊ पाणी द्या, मी म्हटलं संडासात ओतायला त्या यंत्रातलं मीठ कशाला जाळायचं. मी घरमालकीण, मी जिंकले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

वॉशिंग मशीनच्या वरचा मेन व्हॉल्व्ह बसवून झाला होता. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून जोड पक्के झालेले, दुपार टळलेली, तुमचा हेल्पर हत्यारं गोळा करत होता. आई आतल्या खोलीत बसली होती. महिनाभर ती तशीच बसून होती. सिमेंटची पोती, पाइप, माणसं तिच्या आजूबाजूने ये-जा करत होती आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, तिला एखाद्या कपाटासारखं वळसा घालून जात होतो. ठरवताना तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "मावशी, जरा इकडे येता का? हे बंद करून दाखवा मला."

ती काठी टेकत आली. तिला वाटलं आपल्या हातून काही मोडेल. हात वर केला तो व्हॉल्व्हच्या चार बोटं खाली थांबला. टाच उचलून बघितली. शेवटी बोटं टेकली, पण ती बोटं संधिवाताने वाकडी झालेली, गोल चक्री त्यांच्या मुठीत येईना. ती ओशाळून हसली आणि म्हणाली, "राहू दे, मुलगी करेल." मीही पटकन म्हटलं, हो हो, मी आहे ना.

तुम्ही माझ्याकडे बघितलंतसुद्धा नाही. कानावरची पेन्सिल काढलीत, आईला हात सहज जातो तिथे ठेवायला सांगितलात आणि तिच्या तळव्याखाली भिंतीवर एक रेघ ओढलीत. मग हेल्परला म्हणालात, "काप."

सोल्युशन लावलेला जोड उघडत नाही, कापावाच लागतो, हे मला तोवर कळलं होतं. म्हणजे फिटिंग वाया, झिरी पुन्हा मारायची आणि तुमचा उरलेला दिवस गेला. तुम्ही त्या रेघेवर व्हॉल्व्ह आणलात, आणि गोल चक्रीच्या जागी लांब दांडीचा घातलात, तळव्याने ढकलला की पाव फेऱ्यात बंद. दांडीवर लाल पट्टी गुंडाळलीत. त्या जास्तीच्या कामाचे पैसे बिलात नव्हते. मी दोनदा तपासलं. मग आईला सांगितलंत, "महिन्यातून एकदा हा बंद-चालू करायचा, मावशी. नाही फिरवला तर चुना त्याला धरून ठेवतो. ही ड्यूटी तुमची, ताईंची नाही."

काका, त्या घरात महिनाभरात तिला मिळालेलं ते पहिलं काम होतं. दर एक तारखेला ती चष्मा लावून तिथे जाते आणि दांडी इकडून तिकडे, तिकडून इकडे करते. मी हसायचे.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसात अडकले होते. आईचा फोन आला, आवाज अगदी रोजचा. वॉशिंग मशीनची नळी निसटली होती आणि पाणी पॅसेजपर्यंत आलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. शेजाऱ्यांना हाक मार, मी निघते, असं काहीबाही बोलत मी पर्स शोधायला लागले. तिने मला पूर्ण बोलू दिलं आणि मग म्हणाली, "बंद केलं मी. लाल पट्टीवाला. तू नळी घेऊन ये फक्त."

घरी पोचले तर ती खुर्ची ओढून त्या व्हॉल्व्हसमोर बसली होती, पहारा दिल्यासारखी. खालची ओली चादर अजून पिळलेली नव्हती, कारण ती तिच्या हातून पिळली जात नाही. ती मी पिळली. पिळताना मला रडू आलं ते तिला दिसू दिलं नाही, पण तुम्हाला सांगते.

तुम्हाला फोनवर हे सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. तुम्ही कुठल्यातरी भिंतीत ड्रिल लावून उभे होतात आणि "हां ताई, बोला, गळतंय का काही?" म्हणालात. काही गळत नव्हतं, म्हणून मला बोलता आलं नाही. म्हणून हे लिहून, सगळ्यांसमोर. आईने वेगळा निरोप दिलाय: नळी बदलून झाली, एक तारखेचं काम चालू आहे, चिंता नसावी.

आणि हो, कमोडमध्ये पाण्याच्या पातळीवर पिवळट रेघ दिसायला लागली आहे. फ्लशच्या टाकीतला फ्लोटही हल्ली उशिरा थांबतो. हसू नका. कधी येताय तेवढं कळवा.

तुमची,
किटलीवाली ताई