सिस्टर, तुमचा रुमाल आमच्याकडेच राहिलाय

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या किडनी वॉर्डाच्या नाईट ड्युटीच्या सिस्टर,

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण वाचलंत तर कळेलच. दादा घरी येऊन १२ दिवस झाले. आईने त्याला दिलेली किडनी मस्त चाललीय, दादा बाथरूममधून आला की आई आधी विचारते, किती झाली रे? मापाचा जग घेऊनच बसलीय ती.

पण मला ऑपरेशनपेक्षा आदल्या रात्रीचा आईचा चुडाच आठवतो.

आधी आम्ही एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात गेलेलो (नाव जाऊ दे, एसी छान होता), एस्टिमेट ऐकूनच पप्पांचा घसा कोरडा पडला होता, वर सीटी स्कॅनच्या वेळी एका पोराने काही न विचारता कटर घेतला आणि आईच्या हिरव्या बांगड्या चटाचट तोडून डस्टबिनमध्ये टाकल्या. पप्पा समोर बसलेले, धडधाकट! आई घरी येईपर्यंत बोलली नाही, आल्यावर म्हणाली, मला नाही करायचं ऑपरेशन.

केईएमला आलो तेव्हा तिच्या हातात परत चुडा होता, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुम्ही साडेदहाला साबण आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन तिच्या कॉटवर येऊन बसलात. हातावर पिशवी चढवायची आणि तिच्यावरून एकेक बांगडी सरकवायची, शेतात राबलेले हात ते, पाऊण तास लागला. तिने घाबरू नये म्हणून तोंड चालूच, की आई, किडनी बदलायचा देशातला पहिला प्रयत्न इथलाच, १९६५ चा, आणि १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेननी इथेच हृदय बदललं, केपटाऊनला जगातलं पहिलं झालं त्याला तीन महिनेपण झाले नव्हते. पप्पांनी लगेच विचारलं, जगला का तो पेशंट? दुसरं कुणी थाप मारून मोकळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, नाही हो, काही तासच. तेव्हा शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात तशा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, ब्रेन डेड माणसाचे अवयव घेता येण्याचा कायदा तर १९९४ ला आला, आणि इथे परत हार्ट ट्रान्सप्लांट व्हायला २०२४ उजाडलं, ५६ वर्षं गेली मधे. त्या "नाही हो" नंतरच पप्पा जरा टेकून बसले. खरं सांगणारं माणूस भेटलं की निम्मी भीती तिथेच जाते, पण अशी माणसं ड्युटीवर सापडायला नशीब लागतं.

शेवटची बांगडी मात्र गेलीच. आईचा चेहरा एकदम उतरला. तुम्ही तिचा हात तसाच धरून म्हणालात, "आई, एक वाढवली हं." फुटली नाही म्हणालात. एवढ्या धावपळीत, एवढ्या पेशंटमध्ये तो शब्द तुम्हाला सुचला कसा हो?

बाकीच्या २१ रुमालात बांधून ठेवल्यात, आणि आई उठून बसायला लागली तेव्हा स्वतः परत भरल्यात. त्या गडबडीत रुमाल आमच्याच पिशवीत आला. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय आईने. मंगळवारी ओपीडीला येतोय, तेव्हा तुमची नाईट असली तर संध्याकाळपर्यंत थांबू म्हणतेय ती.