सोप्यावरचं क्रिस्तपुराण: मित्रास पत्र

कवळे, फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

हल्ली काय वाचतोस, असं तू विचारलंस. एकच पुस्तक, आणि तेही मोठ्याने. रविवारी संध्याकाळी आम्ही काहीजण शेजारच्या मावशींच्या सोप्यावर जमतो आणि फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांत सांगितलेली बायबलची कथा, वाचतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अडलं की थांबायचं, कंटाळा आला की पानं उलटायची. वंशावळी आम्ही सरळ सोडून दिल्या.

आपण या ग्रंथाचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. 1579 साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट पाद्री, गोव्यातल्याच राशोलला 1616 मध्ये छापलेला ग्रंथ, दहा हजारांवर ओव्या. एवढं लिहिलं की गुण मिळायचे. पण अरे, त्या ओव्या म्हणायच्या आहेत! मावशींच्या घरी ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. त्यांनी पहिला अवस्वर, म्हणजे अध्याय, हातात घेतला आणि त्याच चालीत म्हणत सुटल्या. कथा मात्र त्यांना नवी. उलट मडगावहून बोरीच्या पुलावरून येणारे आमचे एक ख्रिस्ती स्नेही; आदाम-एवेपासून मोयझेसपर्यंत सगळं त्यांना लहानपणापासून ठाऊक, पण ओवी कधी ओठांवर आलेली नव्हती. ते वाचतातही रोमन लिपीतून, 1907 च्या मंगळूर आवृत्तीच्या झेरॉक्सवरून. मूळ ग्रंथही रोमनमध्येच निघाला होता, छापखान्यात देवनागरी खिळे नव्हते म्हणून. मावशींपुढे शांताराम बंडेलूंनी संपादलेली 1956 ची देवनागरी प्रत असते. मावशी प्रसंगाशी अडल्या की ते सांगतात, ते यतीशी, म्हणजे ओवीतल्या विरामाशी, अडखळले की मावशी चाल धरतात. कोंकणी वळणं तर आम्हां सगळ्यांनाच घरची.

मला सगळ्यांत आत लागली ती पहिल्याच अवस्वरातली जागा. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, पाद्री मुलांना शिकवतोय, आणि एक ब्राह्मण त्याला विचारतो की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरं पुराण का देत नाही? या मागणीतून पुढचा सगळा ग्रंथ येतो. पोथी हिरावलेला माणूस वाचायला काहीतरी मागतोय, मित्रा! आमची देवी शांतादुर्गाही पोर्तुगीजांच्या त्याच काळात त्याच सासष्टीतल्या केळशीहून नदी ओलांडून इथे कवळ्याला आली. त्या ओव्या झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मडगावचे स्नेही हळूच म्हणाले, "तो आमचोच कोण तरी आसतलो." आमच्यातलाच कुणीतरी असेल तो.

त्या काळाचा मला राग येतो आणि ओवी तरीही गोड लागते. एकट्याने वाचलं असतं तर मी रागावून पुस्तक मिटलं असतं, नाहीतर नुसता भाषेवर भाळलो असतो. मावशी आणि ते स्नेही समोर असले की दोन्ही गोष्टी मनात एकत्र राहतात. इतक्या वर्षांच्या वाचनात हे सुख मला कधी मिळालं नव्हतं.

पैले पुराण, म्हणजे जुन्या कराराचा भाग, चतुर्थीपर्यंत संपेल. येशूजन्माचे अवस्वर नाताळच्या दिवसांत वाचायचं ठरलंय. तेव्हा तू ये. तुझा आवाज मोठा आहे आणि तुला पंगतीत श्लोक म्हणायची सवय आहे. एक अख्खा अवस्वर तुझ्यासाठी राखून ठेवतो. रजेचं लवकर कळव, म्हणजे मावशींना सांगता येईल.

तुझाच