टर्बाइन इंजिन आधी जमिनीवर चालू द्या

महोदय,

वैमानिक प्रशिक्षणाची दोन-चार आसनी विमाने बहुतांशी आयात पिस्टन इंजिनांवर उडतात. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या ‘हंसा-एनजी’ या प्रशिक्षण विमानालाही ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचेच इंजिन आहे. अशा अनेक इंजिनांना लागणारे शिसेयुक्त विमान-पेट्रोल तर 2022 पर्यंत आपण पूर्णपणे बाहेरून आणत होतो. त्यामुळे विमानतळांवर सहज मिळणाऱ्या एटीएफवर, म्हणजे जेट विमानांच्या रॉकेलसारख्या इंधनावर, चालणारे स्वस्त टर्बाइन इंजिन देशात व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र फिरणारे भाग थोडे म्हणून ते स्वस्तात होईल, हा समज मला पटत नाही.

टर्बाइन जितके लहान, तितके ते इंधनखाऊ. पात्याचे टोक आणि बाहेरचे कवच यांतील फट इंजिनाच्या आकाराच्या प्रमाणात कमी करता येत नसल्याने दाबलेल्या हवेचा बराच हिस्सा तेथून निसटतो. शिवाय इतक्या बारीक पात्यांत थंड हवेच्या वाटा कोरणे जवळपास अशक्य असल्याने ज्वलनाचे तापमानही मर्यादित ठेवावे लागते, आणि त्याने कार्यक्षमता आणखी घटते. यावरचा उपाय रिक्युपरेटर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूची उष्णता दाबलेल्या हवेला ज्वलनापूर्वी देणारी रचना. अमेरिकेच्या कॅपस्टोन कंपनीचा मिनिटाला 96,000 फेरे घेणारा 30 किलोवॅटचा वीजसंच तिच्या बळावर सुमारे 26 टक्के कार्यक्षमता गाठतो. चांगले पिस्टन इंजिन तरीही सरस ठरते, आणि विमानात रिक्युपरेटरचे वजनही वाहावे लागते. फ्रान्सची टर्बोटेक आणि ऑस्ट्रेलियाची टर्बएरो या कंपन्या नेमक्या याच अडचणीशी झुंजत आल्या आहेत.

ज्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये बंगळुरूत विमानांचा कारखाना काढला, त्यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. या महाविद्यालयाने परिसरातील उद्योजकांना सोबत घेऊन आधी 30-40 किलोवॅटचा जमिनीवरचा संच उभारावा. पंपाचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी फिरती चक्रे, ओतण्याची परंपरा किर्लोस्करवाडीमुळे आपल्याकडे जुनी असली, तरी निकेल मिश्रधातूचे टर्बाइन चक्र ही वेगळीच विद्या असल्याने ते तूर्त विकत घ्यावे. सारा भर पातळ पत्र्यांचा, न गळणारा आणि स्वस्त रिक्युपरेटर घडवण्यावर असावा. विमानाच्या इंजिनाला प्रमाणपत्र मिळवण्याचा मोठा खर्च मोजक्या नगांवर पडला, की किंमत आवाक्याबाहेर जाते. तोच संच जनरेटर म्हणून खपला, तर चाचणीचे तासही वाढतील आणि सुट्या भागांचा दरही उतरेल. कराडच्या धावपट्टीचा, म्हणजे हे इंजिन विमानात बसवून उडवण्याचा, विचार त्यानंतर करावा. राज्य शासनाने या पहिल्या टप्प्यासाठी महाविद्यालयाला चाचणीकक्ष आणि किमान पाच वर्षांचा अखंड निधी द्यावा, ही विनंती.

— एक यंत्र अभियंता, विश्रामबाग, सांगली