सवलतीची पात्रता गरजेवर ठरावी

मा. संपादक, स. न.

अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताची 'जीएसपी' ही विकसनशील देशांच्या मालाला दिली जाणारी आयातशुल्क सवलत काढून घेतली, ती भारताची गरज संपली म्हणून नव्हे, तर अमेरिकी मालाला आपली बाजारपेठ पुरेशी खुली करण्याची हमी भारताने दिली नाही म्हणून. तक्रारदारांत तेथील वैद्यकीय उपकरण उद्योग होता आणि त्याचा रोष होता तो हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवल्या जाणाऱ्या स्टेंटच्या किमतींवर आपण २०१७ मध्ये घातलेल्या, रुग्णांना मोठा दिलासा देणाऱ्या मर्यादेवर. अशा सवलतींच्या बदल्यात सवलत मागण्याची अट नसावी, हे 'गॅट' या जागतिक व्यापार कराराखालील १९७९ च्या निर्णयातच मान्य झाले आहे. शिवाय अशाच सवलतींवरून युरोपीय संघाविरुद्ध भारताने लढवलेल्या दाव्यात, लाभार्थी देशांमध्ये फरक करायचा तर तो त्यांच्या विकासाच्या वस्तुनिष्ठ गरजांवरच आधारलेला असावा, असे जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने २००४ मध्ये स्पष्ट केले होते. हाच निकाल हाती घेऊन भारताने पात्रतेच्या निकषांचा प्रश्न या संघटनेत पुन्हा ठामपणे मांडावा.

– एक वाचक, सांगली